स्क्रूड अप रेकॉर्ड्स अँड टेप्स, ह्यूस्टन : एका कॅसेटवाल्याचा अभिप्राय

आधी कामाचं सांगतो, म्हणजे घाईतल्या लोकांना पुढचं वाचायला नको. दुकान ह्यूस्टनच्या दक्षिण भागात, वेस्ट फ्युक्वे रस्त्यावर आहे. इंग्रजी पाटी वाचून मी ‘फुक्वा’ म्हणालो तर गाडीतले सगळे हसले, म्हणून उच्चार लिहून ठेवलाय. माल एकाच माणसाचा, रॅप गाण्यांच्या टेपा भरणाऱ्या डीजे स्क्रूचा. तो माणूस १६ नोव्हेंबर २००० ला गेला, वयाच्या २९ व्या वर्षी, आणि दुकान अजून त्याच्याच टेपांवर चालतंय. त्या टेपा आता सीडीवर मिळतात, तेव्हा घरात किंवा गाडीत सीडी वाजवायची सोय असेल तरच जा. मी पाचापैकी साडेचार तारे देतो. अर्धा का कापला ते ओघात येईल.

आता एकसष्ट वर्षांचा मिरजेचा माणूस रॅपच्या दुकानात काय करत होता, हे सांगायला हवं. लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं सहा महिने ह्यूस्टनला लागून असलेल्या पेअरलँडला आलोय. हिचा दिवस डिंकाच्या लाडवांत आणि बाळाच्या अंघोळीत जातो. मला डिशवॉशर लावणं आणि काढणं एवढंच काम आहे. शनिवारी सगळे मीनाक्षी मंदिरात जातात, तेव्हा माझा आठवडा साजरा होतो.

पण १९८६ पासून तेरा वर्षं मी मिरज स्टेशनजवळ मामाच्या दुकानात कॅसेट भरून देत होतो. त्या काळातल्या लोकांना हे शब्द समजावून सांगायला नकोत. गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाण्यांची यादी आणायचं. साठची की नव्वदची, टीडीके की मॅक्सेल, की आपली साधी, हे ठरायचं. मग आम्ही तबकडीवरून नाहीतर दुसऱ्या कॅसेटवरून एकेक गाणं उतरवायचो. बाजू संपताना गाणं मध्येच तुटू नये म्हणून मिनिटांचा हिशेब मांडायचा. डेकचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं. लग्नाची वेगळी, एसटीच्या प्रवासाची वेगळी, प्रेमभंगाची वेगळी. हे सगळं कायद्यात बसत नव्हतं, हे मामालाही माहीत होतं आणि रात्री मोफत भरून नेणाऱ्या हवालदारालाही.

तर जावईबापूंच्या जुन्या गाडीत पहिल्यांदा हे संगीत ऐकलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “अहो, सेल उतरलेत तुमचे.”

वॉकमनचे सेल उतरले की गायकाचा आवाज कसा जड होत जातो, बाईचा पुरुष होतो आणि पुरुषाचा राक्षस, ते आठवतंय ना? अगदी तसं. आडात तोंड घालून बोलावं तसा आवाज, आणि ठेका असा की पुढचा ठोका पडेपर्यंत माणसाने तंबाखू मळून घ्यावी. जावई म्हणाले, “बाबा, सेल ठीक आहेत. हे मुद्दाम केलंय.” मुद्दाम? तेरा वर्षं मी ज्या दोषासाठी गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या, तो कुणीतरी मुद्दाम करून विकला?

मग मी त्या माणसाच्या मागेच लागलो. खरं नाव रॉबर्ट अर्ल डेव्हिस धाकटा, जन्म १९७१. वाढला टेक्सासातल्या स्मिथव्हिल नावाच्या छोट्या गावात. वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे. न आवडलेल्या तबकडीवर स्क्रूने ओरखडे काढून ती वायाच घालवायची, अशी पोराची खोड, आणि त्यावरून नाव पडलं. १९९० च्या आसपास ह्यूस्टनमध्ये त्याने गाण्यांचा वेग उतरवायला सुरुवात केली. दोन टर्नटेबलांवर एकाच गाण्याच्या दोन तबकड्या लावायच्या, एक किंचित मागे ठेवायची, आणि आवाज एकीवरून दुसरीवर नेणारी मधली पट्टी या बाजूची त्या बाजूला सरकवायची. गेलेला शब्द परत येतो, अडखळतो, पुन्हा म्हणतो. मग सगळं फोर-ट्रॅक यंत्रावरून टेपवर घेताना वेगाचं बटण खाली ओढायचं. मिनिटाला ६० ते ७० ठोके उरतात. हात हलका लागतो, कान फार तिखट लागतो. मी प्रयत्न केला असता तर दोन्ही तबकड्या मोडल्या असत्या.

आणि धंदा? तो ऐकून मी खुर्चीतून उठलोच. लोक त्याच्याकडे गाण्यांची यादी घेऊन यायचे. माझ्या वाढदिवसाची टेप कर, मध्ये माझं नाव घे, माझ्या गल्लीतल्या पोरांची नावं घे. तो राखाडी मॅक्सेलच्या शंभर मिनिटांच्या कॅसेटी वापरायचा. एका टेपचे दहा डॉलर. पुढे मागणी इतकी वाढली की घराच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागायची, एकेक माणूस येऊन टेप घेऊन जायचा. पोलिसांना वाटलं, इथे दुसराच माल विकतायत. यादी द्या, कॅसेट भरून देतो. मिरज स्टेशनजवळ आम्ही हेच करत होतो, फक्त आमच्याकडे रांग लागली नाही. १९९८ साली त्याने कलन बुलेव्हार्डवर दुकान टाकलं. जाड, गोळी न शिरणारी काच, भिंतीवर टेपांच्या नावांची यादी, बस्स. दुसऱ्या कुणाचा माल नाही.

दुकानात जाण्याआधी जावयांनी एक उद्योग केला तोही सांगतो. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून त्यांनी ‘अस्सल राखाडी टेप’ मागवली. कोण विक्रेता ते सोडा. माझ्या वाढदिवसाची भेट, आणि किंमत सांगायला तयार नाहीत, कारण मी इथल्या प्रत्येक आकड्याला पंच्याऐंशीने गुणतो. कॅसेट हातात घेतली आणि वरच्या कडेला अंगठा फिरवला. रेकॉर्डिंग पुसलं जाऊ नये म्हणून जी छोटी प्लॅस्टिकची जीभ तोडतात, ती तोडलेली होती आणि त्या भोकावर चिकटपट्टी लावली होती. हे आम्ही दिवसातून दहादा करायचो! कुणाची तरी जुनी भरलेली कॅसेट घेऊन तिच्यावर नवीन भरायचं असेल तरच चिकटपट्टी लागते. मी म्हटलं, शेवटपर्यंत वाजवा. बी बाजूला संगीत संपलं, थोडी खरखर झाली, आणि एक पाद्री पापाविषयी तळमळून बोलायला लागला. जावयांचा चेहरा बघवेना. पण त्या चिकटपट्टीमुळे सासऱ्याची किंमत घरात एकदम वधारली, हेही खरं. त्यानंतरच ठरलं की जायचं तर मूळ दुकानातच.

आम्हाला न्यायला जावयांचा मेडिकल सेंटरमधला एक सहकारी आला. तो ह्यूस्टनच्या साउथ पार्क वस्तीत वाढलेला. त्याच्या थोरल्या भावाने फाटकाच्या रांगेत उभं राहून टेप घेतली होती. तो म्हणाला, दुकानात सरळ जाऊ नका, आधी कलन रस्ता वरून खाली उतरू. हा सल्ला मी तुम्हालाही देतो. दुकान छोटं आहे, दहा मिनिटांत बघून होतं. गोष्ट रस्त्यावर आहे.

कलन हे एका तेलवाल्या धनिकाचं नाव, ज्याने ह्यूस्टन विद्यापीठाला भरभरून पैसा दिला. रस्ता त्या विद्यापीठातूनच जातो. तिथल्या ग्रंथालयात स्क्रूच्या तबकड्या जपून ठेवल्यात, सुमारे १,५००. ज्या माणसाच्या दारावर पोलिसांनी संशय घेतला, त्याच्या ओरखडलेल्या तबकड्या आता दुर्मीळ हस्तलिखितांच्या विभागात, मागणी-पत्र भरून बघायच्या. आमच्या मामाच्या तबकड्या १९९९ मध्ये भंगारवाल्याने किलोवर नेल्या. असो.

तिथून दक्षिणेला निघालं की शहर बदलतं. मोटार दुरुस्तीची गॅरेजं, चर्च, तळलेल्या कोंबडीची दुकानं, मोकळे प्लॉट. सहकारी गाडी चालवता चालवता इतिहास सांगत होता. १९८० च्या दशकात जे. प्रिन्सने रॅप-ए-लॉट कंपनी काढली. तिच्या गेटो बॉइज या रॅप गटाने १९९१ मध्ये ‘माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी’ हे गाणं काढलं. दणकट, दांडगे पुरुष स्वतःला झोप येत नाही, कुणीतरी मागावर आहे असं वाटतं, हे कबूल करतायत. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसवाले दक्षिणेकडच्यांना गावंढळ समजायचे, ते तेव्हा पहिल्यांदा दचकले म्हणे. टेक्सासातल्याच पोर्ट आर्थरहून बन बी आणि पिंप सी ही रॅपवाली जोडी आली. पुढे २००५ च्या सुमाराला शहराच्या उत्तर भागातल्या स्विशाहाउस या रेकॉर्ड कंपनीच्या पोरांनी, म्हणजे माइक जोन्स, पॉल वॉल, स्लिम थग यांनी, हीच संथ चाल देशभर नेली. स्क्रू दक्षिणेचा, ते उत्तरेचे. हे सांगताना सहकाऱ्याचा आवाज असा झाला की मला मिरज-सांगली आठवली. पैसा आणि नाव उत्तरेला मिळालं, आणि बघायला हा जिवंत नव्हता.

पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा शेजारी एक गाडी येऊन उभी राहिली. तिला ‘स्लॅब’ म्हणतात. रंग म्हणजे लिमलेटच्या गोळीचा लाल, ओली असल्यासारखी चकाकी, बोट लावलं तर चिकटेल असं वाटावं. चाकांच्या तारा चाकाबाहेर वीतभर आलेल्या, बैलगाडीचा तुंबा बाहेर येतो तशा. १९८३ आणि १९८४ च्या कॅडिलॅकच्या तारांच्या चाकांपासून हे वेड सुरू झालं, म्हणून त्यांना नुसतं ‘एटी-फोर्स’ म्हणतात. डिकी उघडी, आत स्पीकर. मालक चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट. मी वाकून चाक बघतोय म्हटल्यावर त्याने दुसऱ्या बाजूचंही बघा म्हणून हाताने खुणावलं. मग गाडी निघाली, सायकलच्या वेगाने, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत झुलत.

तेव्हा मला ती लय कळली. हे शहर सपाट, अवाढव्य आणि उकाड्याचं आहे. चालायची सोय नाही, आगगाडी नावापुरती, माणूस कायम गाडीत. काच खाली करून हळूहळू जाणाऱ्या माणसासाठी भरलेली टेप आहे ही. घरात खुर्चीत बसून ऐकली तर सेल उतरलेले वाटणारच.

दुकान. यादी बघायची, नाव सांगायचं, सीडी हातात येते. टी-शर्ट आहेत. तीनशेच्या वर टेपा आता सीडीवर क्रमांक लावून आल्यात, त्यामुळे माझ्यासारख्या नवख्याला ‘कुठली घेऊ’ हा प्रश्न पडतोच. ज्याला सगळ्यात जास्त माहीत आहे अशा माणसाला बरोबर न्या, नाहीतर यादीसमोर उभं राहून मान दुखते. आम्ही तीन घेतल्या. लेकीने पैसे दिले आणि पावती पर्समध्ये खोल ठेवली.

तिन्हींत ठेवावी अशी एकच सांगतो: ‘जून ट्वेंटी-सेव्हन्थ’. १९९६ साली डीमो नावाच्या मित्राच्या वाढदिवसाला भरलेली टेप. क्रिस क्रॉस या पोरगेल्या जोडीच्या एका गाण्याचा ठेका स्क्रूने संथ करून लावला आणि खोलीत जमलेल्या मित्रांनी आळीपाळीने त्यावर जागच्या जागी जोडून म्हटलं. पस्तीस मिनिटांच्या वर. कुणी लिहून आणलेलं नाही. एक थांबला की दुसरा उचलतो, मध्येच कुणीतरी हसतं, बिग मो गाता गाता सरळ सुरात शिरतो, बिग पोकीचा आवाज दगडी जात्यासारखा. शब्द? माझी गाडी, माझी गल्ली, माझे मित्र, जे गेले ते, जे तुरुंगात आहेत ते. मला निम्मं कळलं नाही आणि जे कळलं त्यात शिव्या इतक्या की हे घरात लावता येत नाही. तोच तो अर्धा तारा. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, ते भुताचं गाणं बंद करा.” पण मी मिरजेचा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गावात, दर्ग्याच्या उरुसात रात्रभर विलंबित ऐकत बसलेला. एक स्वर सावकाश उलगडत बसणाऱ्यांची घाई मला कधी नव्हती. इथे स्वर नाही, गप्पा आहेत, पण बैठक तीच. मधली दहा-बारा मिनिटं रेंगाळतात हे मान्य. आमच्या बैठकीतही रेंगाळायची.

दुसरी, ‘थ्री इन द मॉर्निंग’, ही रीतसर कंपनीने काढलेली. आवाज स्वच्छ, मोजकी गाणी, सुरुवात करायला सोपी. मला मात्र जरा शर्ट खोचलेली वाटली. तिसरीबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

आता त्या खोकल्याच्या औषधाबद्दल. या संगीताचं नाव काढलं की इथे लोक हेच विचारतात. कोडीनवालं, म्हणजे अफूच्या जातीचं औषध असलेलं सिरप सोड्यात घालून प्यायची चाल याच भागात होती, आणि स्क्रूचा मृत्यूही कोडीन आणि इतर औषधांच्या मिश्रणानेच त्याच्या स्टुडिओत झाला. हे लपवण्यासारखं नाही आणि कौतुकाचं तर अजिबात नाही. टेपांवर त्याचे गोडवे गायलेत, ते ऐकताना माझ्या पोटात कालवतं. मी दोन तरुण मुलांचा बाप आहे. पण ‘नशेत होते म्हणून संथ केलं’ हे मला पटत नाही. शब्द नीट कानावर पडावेत म्हणून वेग उतरवतो, असं त्याचं म्हणणं होतं. शिवाय दोन तबकड्या अर्ध्या ठोक्याच्या फरकाने रात्रभर जुळवत ठेवणं झिंगलेल्या हातांचं काम नव्हे. हे मी कॅसेटवाला म्हणून सांगतोय.

त्या जून महिन्यातल्या टेपेवरचे आवाजही आता विरळ झालेत. बिग मो २००७ मध्ये गेला. बिग पोकी २०२३ मध्ये, स्टेजवर गाताना कोसळून. स्क्रूच्या त्याच मित्रमंडळातला फॅट पॅट १९९८ मध्ये गोळी लागून, आणि त्याचा भाऊ बिग हॉक २००६ मध्ये, तोही गोळीनेच. सहकारी ही नावं अशी सांगत होता जशी आमच्याकडे आळीतल्या माणसांची सांगतात.

परतताना त्याने गाडी पुन्हा कलनवर घेतली. पेअरलँडमध्ये, लेकीच्या घरापासून फार लांब नाही, रस्त्याला लागून ह्यूस्टन मेमोरियल गार्डन्स नावाचं दफनभूमीचं आवार आहे. रोज दूध आणायला जाताना मला वाटायचं बाग आहे. तिथे जॉर्ज फ्लॉइड आहे. मिनियापोलिसला पोलिसाच्या गुडघ्याखाली २०२० मध्ये जो गेला, तोच. सगळ्या जगाने त्याचं नाव घेतलं, पण तो ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्ड वस्तीतला पोरगा स्क्रूच्या टेपांवर ‘बिग फ्लॉइड’ म्हणून गायलाय, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटचा मैलभर त्याला घोड्यांच्या गाडीतून नेलं होतं, याच रस्त्याने. सहकाऱ्याने फोनवर त्याच्या आवाजाची टेप शोधून लावली. पंचविशीच्या आतला आवाज, संथ केलेला, मस्तीत, शेजारी कुणीतरी ओरडून दाद देतंय. आम्ही गाडी कडेला घेऊन ती संपेपर्यंत बसलो. गाडीत कुणी काही बोललं नाही. मग जावई म्हणाले, बाळाच्या दुधाची वेळ झाली.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी राहिल्या. दुकानाची वेळ आधी फोनवर बघा. नव्या गाड्यांना सीडीची खाच नसते. जावयांची गाडी जुनी आहे म्हणून निभावलं. जवळपास जेवायचं असेल तर थर्ड वॉर्डमधलं फ्रेंचीज १९६९ पासूनचं आहे, पण कोंबडी न खाणाऱ्याने घरून डबा न्यावा. आणि लहान मूल रात्री किरकिर करत असेल तर ‘थ्री इन द मॉर्निंग’ अगदी बारीक आवाजात लावून बघा. आमची नात सहाव्या मिनिटाला झोपली. ही म्हणते पोटात दूध गेलं म्हणून. मी वाद घातला नाही.

महिन्याभरात आम्ही परत जाऊ. मिरजेच्या घरी माळ्यावर एक मॅक्सेलची कोरी नव्वदची अजून कागदात आहे, आणि डेक चालू होतो. जावयांना म्हटलं, यादी द्या, भरून पाठवतो, जीभही तोडून पाठवतो. त्यांनी वहीच्या पानावर नऊ गाणी लिहून दिली. वर पहिलंच ‘जून ट्वेंटी-सेव्हन्थ’. ए बाजू पंचेचाळीस मिनिटांची, त्यातली पस्तीस-छत्तीस तिथेच गेली. उरलेल्या नऊ मिनिटांत काय बसतं ते आता बघतोय.